खारपाण पट्ट्यातलं ४ पीपीटी पाणी आणि कोळंबीची पिल्लं: टाकीत घनमीटरला हजार सोडू की चार हजार?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे ऐन खारपाण पट्टा. बोअरला पाणी भरपूर पण खारं, कपाशीला दिलं की जमीन चोपण होते, प्यायचं तर नावच नको. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात ऐकलं की हरियाणात रोहतककडे अशाच खाऱ्या बोअरच्या पाण्यावर व्हेनामी कोळंबी घेतात, तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच. अर्ध्या एकराचं शेततळं आहे, ५०० मायक्रॉनचा कागद टाकलेला, दोन एअरेटर घेतले.

पाण्याचा रिपोर्ट असा आहे. खारटपणा ४ पीपीटी (म्हणजे लिटरला ४ ग्रॅम क्षार), पीएच ८.४, अल्कलिनिटी ४२०, सोडियम १३००, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ७०, पोटॅशियम फक्त ६. खारटपणा आणि पीएच सोडून बाकी आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर.

मागच्या वर्षी पहिल्या लॉटला १ लाख २० हजार पिल्लं थेट तळ्यात सोडली. सीड देणारा म्हणाला चौरस मीटरला ६० चालतात, सगळे तेवढीच टाकतात. बॅगा आंध्रातून आल्या रात्री ११ वाजता, माणसं थकलेली, दोन तासात पाणी मिसळलं आणि सोडून दिली. २५ दिवसांनी चेक ट्रे (खाद्य ठेवून कोळंबी तपासायची जाळी) उचलला तर रिकामा, दुसरीकडे टाकला तोही रिकामा.

मग कोणीतरी सांगितलं आधी टाकीत वाढव, मोठी करून तळ्यात सोड. ताडपत्रीची गोल टाकी घेतली ३० हजार लिटरची, ब्लोअर लावला, आणि परत १ लाख २० हजार त्याच्यात, म्हणजे घनमीटरला ४ हजार झाले. दुकानातलं मिनरल मिक्श्चर डब्यावर लिहिल्याप्रमाणे टाकलं. नवव्या दिवशी पहाटे टॉर्च मारला तर तळाला मधोमध पांढरट थर. आधी वाटलं खाद्य उरलंय. जाळीने वर काढलं तर पिल्लं होती, पाठ दुधासारखी पांढरी आणि शेपटी आत वाकून घट्ट बसलेली, त्यातली काही जिवंत होती पण सरळ होत नव्हती. अमोनिया ३ दाखवत होता. २४ व्या दिवशी मोजली तर ३१ हजार उरली आणि तीही एक बोटाच्या पेराएवढं तर दुसरं जिऱ्याएवढं.

यावर्षी परत करायचंय, सोडून द्यायचं नाही. प्रश्न एवढाच की त्याच टाकीत घनमीटरला हजार टाकू, दोन हजार टाकू की चार हजार? व्हिडिओत तर पाच हजारवाले पण पाहिले. हजार धरले तर ३० हजारच पिल्लं होतात, मग तळं कसं भरायचं? कोणी असल्या कमी खारट पाण्यात नर्सरी केली असेल तर सांगा राजेहो, घरच्यांना मी शेवटचं एक वर्ष मागून घेतलंय.

डहाणूखाडी

भाऊ वाचून वाईट वाटलं, पांढरी पाठ आणि वाकलेली शेपटी मी पण हातात धरलेली आहे त्यामुळे ती पहाट काय असते ते माहीत आहे.

मी डहाणूला खाडीच्या पाण्यावर करतो. माझा अनुभव सांगतो, त्यातून तुम्हाला आकड्याचं उत्तर मिळेल. मे महिन्यात आमच्या खाडीचं पाणी २५-३० पीपीटी असतं, तेव्हा टाकीत घनमीटरला ३ हजार टाकली होती, काही अडचण आली नाही, थोडी लहानमोठी झाली पण निघाली व्यवस्थित. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच टाकीत, त्याच हॅचरीची, तीच ३ हजार टाकली. पावसामुळे पाणी ५ पीपीटीवर आलेलं. दोन आठवड्यात रोज सकाळी मेलेली काढायला लागलो. टाकी तीच, ब्लोअर तोच, खाद्य पण तेच, बदललं फक्त पाणी.

नंतर कळलं ते असं की व्हेनामीच्या अंगातल्या रसाचा खारटपणा साधारण २५ पीपीटीच्या पाण्याशी जुळतो. त्या पाण्यात तिला मीठ राखायला ताकद लागत नाही. ४-५ पीपीटीत मात्र दिवसरात्र कल्ल्यांनी मीठ आत ओढत राहावं लागतं, खाल्लेल्यातलं बरंचसं त्यातच जातं म्हणा ना. मग वरून गर्दी, अमोनिया, ऑक्सिजन कमी, असं काहीही आलं की तोंड द्यायला तिच्याकडे शिल्लकच नसते. म्हणून माझं सरळ मत, व्हिडिओतला पाच हजारवाला कुठलं पाणी वापरतो ते आधी बघा. समुद्राच्या पाण्यातला आकडा आपल्याकडे उचलून आणायचा नाही.

मी आता पावसाळ्यात घनमीटरला ८०० ते १०००, त्याच्या वर जात नाही. आणि टाकीत शेडनेटच्या पट्ट्या उभ्या टांगतो, वरून खाली, हातभर अंतराने. पिल्लांना बसायला जागा वाढते आणि कात टाकलेलं मऊ पिल्लू दुसऱ्याच्या तोंडी लागत नाही. तुमची ती पेराएवढी जी उरली ना, ती बाकीच्यांना खाऊनच मोठी झालेली असणार.

अजून एक, तुमच्याकडे लोडशेडिंग किती? ४ हजार घनतेला ब्लोअर बंद पडला तर तासाभरात खेळ खलास होऊ शकतो, हजार असतील तर जनरेटर चालू करायला उठायला तरी वेळ मिळतो.

पूर्णाकाठ

दादा खूप आभार. लोडशेडिंगचं बरोबर पकडलंत, रात्रीची लाइन आमच्याकडे कधीही जाते, मागच्या वर्षी तर इन्व्हर्टर पण नव्हता. पण मग ३० हजारात परवडेल का हो? आणि मिनरल तर मी टाकलं होतं तरी शेपट्या का वाकल्या?

गोदावरीकाठचा सोलापूरकर

मी मूळचा सोलापूरचा, सहा वर्षं आंध्रातल्या भीमावरमला कोळंबीच्या नर्सरीत टेक्निशियन आहे. आमच्याकडेही बोअरचं पाणी २ ते ५ पीपीटी, त्यामुळे तुमचा रिपोर्ट वाचला आणि पोटॅशियमच्या ६ वरच डोळा थांबला. घनता हा तुमचा दुसरा प्रश्न आहे, पहिला हा आहे.

समुद्राचं पाणी पातळ करून ४ पीपीटी केलं तर त्यात काय किती असतं याचा सोपा हिशेब आहे, पीपीटीला पोटॅशियमसाठी १०.७ ने गुणा, मॅग्नेशियमसाठी ३९.१ ने, कॅल्शियमसाठी ११.६ ने. म्हणजे ४ ला पोटॅशियम ४३ हवं, मॅग्नेशियम १५६, कॅल्शियम ४६. तुमचं कॅल्शियम ठीक, मॅग्नेशियम निम्म्याच्याही खाली, पोटॅशियम सातवा हिस्सा. समुद्रात सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण २८ ला १ असतं, तुमच्याकडे २१७ ला १ आहे. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ४ दाखवतो म्हणून कोळंबीला ते समुद्राचं पाणी वाटत नाही, तिच्या स्नायूला पोटॅशियम मिळत नाही, म्हणून पाठ पांढरी पडते आणि शेपटी आखडते. डब्यावरचं मिक्श्चर पन्नास जणांच्या पन्नास पाण्यांसाठी एकच लिहिलेलं असतं, त्याने ६ चं ७ झालं असेल फार तर.

आता तुमच्या टाकीचं करू. ३० घनमीटर, पोटॅशियम ६ वरून ४० ला न्यायचं, म्हणजे ३४ गुणिले ३० म्हणजे १०२० ग्रॅम. कृषी केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश घ्या, पांढरं घ्या, लाल नको, त्यात निम्मं पोटॅशियम असतं, म्हणजे २ किलो झालं. एवढंच! तुमचा अख्खा लॉट दोन किलो पोटॅशसाठी गेला म्हटलं तरी चालेल. मॅग्नेशियम ८६ ने वाढवायचं तर २५८० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराईडच्या खड्यात १२ टक्के असतं, म्हणून साडेएकवीस किलो. बादलीत विरघळवून, दोन दिवसात थोडं थोडं, पिल्लं यायच्या आधी, आणि मग परत लॅबमध्ये तपासून घ्या.

तळ्यातही पोटॅश लागेलच. पाणी २६०० घनमीटर धरलं तर १७७ किलो, साडेतीन गोण्या. तुमचं तळं कागदाचं आहे हे चांगलं, काळ्या मातीच्या तळ्यात माती पोटॅश धरून ठेवते आणि परत परत टाकावं लागतं. तळ्यात मॅग्नेशियम पूर्ण करायला जाऊ नका, जवळजवळ दोन टन लागेल, आधी पोटॅश टाकून बघा.

मग घनता. ही पण कागदावर काढता येते, अंदाजाने नको. पिल्लू ०.३ ग्रॅमचं झालं की रोज वजनाच्या साधारण १० टक्के खातं. घनमीटरला ४ हजार असतील तर १२०० ग्रॅम वजन, १२० ग्रॅम खाद्य. ४० टक्के प्रोटीनच्या खाद्यात त्याचा ७.७ ग्रॅम नायट्रोजन, त्यातला निम्मा जरी पाण्यात अमोनिया म्हणून आला तरी रोज लिटरला ३.८ मिलिग्रॅमची भर. १ हजार असतील तर रोज १ च्या आत. एवढं हाताळता येतं, ४ हजारचं नवीन माणसाला येत नाही, मला विचाराल तर जुन्याला पण ४ पीपीटीत अवघड जातं.

आणि तुमचा पीएच ८.४. त्या पीएचला ३१ डिग्रीच्या पाण्यात अमोनियाचा सहावा हिस्सा विषारी रूपात असतो, ७.८ ला विसावा. तुमच्याकडे अल्कलिनिटी आधीच ४२० आहे म्हणून कोणी सोडा टाका, चुना टाका म्हटलं तर अजिबात ऐकू नका, ते आमच्या हलक्या पाण्यासाठी आहे. गूळ चालेल. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला १५ ग्रॅम गूळ, म्हणजे तुमच्या टाकीत अमोनिया १ दिसला तर साडेचारशे ग्रॅम, दोन वेळात विभागून. गुळाने बॅक्टेरिया वाढतात, ते ऑक्सिजन खातात, म्हणून गूळ रात्री कधीच नाही आणि इन्व्हर्टर आल्याशिवाय तर नाहीच.

नायट्राइटकडे पण लक्ष ठेवा. खाऱ्या पाण्यात क्लोराईड त्याला कल्ल्याच्या दारातच अडवतं, कमी खाऱ्यात अडवणारं क्लोराईड कमी पडतं, म्हणून जो आकडा समुद्राकाठी कोणी मनावर घेत नाही तो इथे मारतो. मी अर्ध्या मिलिग्रॅमला पाणी बदलायला सुरुवात करतो. बदलायचं पाणी पण पोटॅश टाकून तयार ठेवलेलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही स्वच्छ करता करता परत ६ वर आणाल.

नागपूरची मत्स्यकन्या

मी नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकले. वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडते.

पहिली म्हणजे दादा तुम्ही दोन तासात सोडलीत तिथेच निम्मं नुकसान झालं असणार. बॅगेतलं पाणी कदाचित २० च्या वर होतं आणि तुमचं ४. पीएल १० (पिल्लाच्या अवस्थेत येऊन दहा दिवस झालेली) च्या आधी कल्ले तयार नसतात, मला विचाराल तर ४ पीपीटीसाठी पीएल १५ च्या आसपासचीच मागा, आणि हॅचरीला आठवडाभर आधी सांगितलं तर ते तिथेच १० किंवा ५ पीपीटीवर उतरवून देतात. थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. घरी आल्यावर बॅगा टाकीत तरंगत ठेवायच्या, तापमान जुळलं की वेगळ्या ड्रममध्ये काढून टाकीचं पाणी थेंब थेंब सोडायचं, ५ च्या खाली तर तासाला १ पीपीटीपेक्षा जास्त उतरवायचं नाही. रात्रभर जागायची तयारी ठेवा, बॅगा संध्याकाळी येतील असंच बघा. बीज घेताना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा आणि ईएचपी या सूक्ष्म परजीवीचा पीसीआर (लॅबमधल्या जनुकीय तपासणीचा) रिपोर्ट मागायला लाजू नका. ईएचपी विष्ठेतून पसरतो, टाकीत गर्दी असली की एकाचं सगळ्यांना व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात पिल्लं मरत नाहीत तर वाढायची थांबतात, म्हणजे महिनाभर खाद्य जातं आणि मग कळतं.

दुसरी, पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी शंभर-दोनशे पिल्लं मागवून तुमच्या तयार केलेल्या पाण्यात तीन दिवस ठेवून बघा. दोन टब, एकात साधं बोअरचं, एकात पोटॅशवालं.

आणि एक विनंती आहे. तळं रिकामं करताना ते पाणी नाल्यात किंवा शेजारच्या शिवारात सोडू नका. तुमची जमीन आधीच चोपण झालीय, शेजाऱ्याची तूर तुमच्या पाण्याने जायला नको. पुढच्या पिकासाठी ते पाणी साठवून परत वापरा, त्यातलं पोटॅशही वाचेल. परवानगीचं मत्स्य विभागात लेखी विचारून घ्या, व्हेनामी बाहेरची जात आहे, ती पूर्णा नदीत सुटता कामा नये.

डहाणूखाडी

ताईंनी पाण्याचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. परवडण्याचं राहिलं होतं. भाऊ, मागच्या वर्षी तुम्ही १ लाख २० हजारचे पैसे देऊन ३१ हजार मिळवली. यावर्षी ३५ हजार आणा, त्यातली २८ जरी निघाली तरी जवळपास तेवढीच होतात, तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी पैशात, आणि ती सगळी एका मापाची. अर्ध्या एकराला चौरस मीटरला १४-१५ पडतील. पहिल्या वर्षी तेवढीच असू द्या, ६० ही सरकारने ठरवलेली वरची मर्यादा आहे, तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

पूर्णाकाठ

सगळ्यांना परत नमस्कार, दीड महिन्याने येतोय. सांगितलेलं सगळं वहीत उतरवून केलं.

आधी दोन टब. शंभर-शंभर पिल्लं. तिसऱ्या दिवशी साध्या बोअरच्या टबात ३८ जिवंत आणि त्यातली बरीच वाकलेली, पोटॅशवाल्यात ९४. आई बाजूला उभी होती, तिने स्वतः चहाच्या गाळणीने परत मोजली.

मग ३५ हजार मागवली, हॅचरीतून ५ पीपीटीवर उतरवून. टाकीत पोटॅश ४१ आलं लॅबमध्ये. शेडनेटच्या पट्ट्या टांगल्या, वरून पण शेडनेट लावली कारण मार्चमध्येच दुपारी पाणी ३४ ला जात होतं. अमोनिया एकदाच १.२ झाला, १७ व्या दिवशी, खाद्य निम्मं केलं, गूळ दिला, दोन दिवसात खाली. लाइन रात्री चार वेळा गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं.

आज २५ वा दिवस. २०० पिल्लं वजन केली, ७६ ग्रॅम भरली, म्हणजे एक साधारण ०.३८. सगळी जवळपास सारखी, जिऱ्याएवढं एकही नाही. मेलेली रोज काढून मोजतोय, आतापर्यंत चार हजारच्या आसपास.

तळ्यात पोटॅश टाकून झालंय, ३८ आलं. आता एकच विचारायचंय, परवा अमावस्या आहे आणि आज सकाळपासून टाकीत कातीचे कवच तरंगताना दिसतायत. उद्या पहाटे हलवायचं ठरवलं होतं, हलवू की थांबू?

गोदावरीकाठचा सोलापूरकर

थांबा. कवच मऊ असताना जाळीत आली तर दबून मरतील. आज-उद्या खाद्य कमी करा, हवा पूर्ण चालू ठेवा, रोज थोडं तळ्याचं पाणी टाकीत घेत राहा. अमावस्येनंतर तिसऱ्या दिवशी दहा पिल्लं हातात घेऊन बोटाने दाबून बघा, कवच कडक लागलं की पहाटे चार-पाचला, ऊन वर यायच्या आत हलवा. बादलीत एकावेळी फार भरू नका.